मांजरांतील विषाणू सहसंसर्ग

मांजरांतील विषाणू सहसंसर्ग : एकाच मांजराच्या शरीरात एकाच वेळी दोन किंवा अधिक विषाणूंचा संसर्ग असणे. निवारागृहे, पैदास केंद्रे, मासळी बाजाराच्या आसपासची वस्ती किंवा दहा-पंधरा मांजरे पाळलेले घर, अशा दाटीच्या ठिकाणी हा अपवाद नसून नेहमीचा प्रकार आहे. रोगाला नाव एका विषाणूचे मिळते, पण मांजर किती आजारी पडेल हे पुष्कळदा दुसराच ठरवतो.

सर्वाधिक अभ्यास झालेली जोडी दोन रेट्रोव्हायरसांची, म्हणजे आपल्या जनुकांची प्रत पेशीच्या डीएनएत घुसवणाऱ्या विषाणूंची आहे. फेलाइन ल्युकेमिया व्हायरस (एफईएलव्ही) विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लासगो येथे 1964 मध्ये शोधला. फेलाइन इम्युनोडेफिशियन्सी व्हायरस (एफआयव्ही) नील्स पेडरसन आणि जॅनेट यामामोटो यांना कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे 1986 मध्ये सापडला. एचआयव्हीच्या कुळातला असला तरी एफआयव्ही माणसाला होत नाही. एफईएलव्हीही होत नाही. दोघांच्या पसरण्याच्या वाटा वेगळ्या आहेत. एफईएलव्ही लाळेतून, म्हणजे एकमेकांना चाटण्यातून, एका वाडग्यात खाण्यातून आणि आईकडून पिल्लांना जातो. एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून जातो, त्यामुळे हद्दीवरून भांडणाऱ्या, नसबंदी न झालेल्या बोक्यांत तो जास्त दिसतो. मोकळा हिंडणारा बोका दोन्ही वाटांवर असतो.

हे दोन्ही एकत्र आल्यावर काय होते, हे पेडरसन यांच्या गटाने 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसले. आधीच एफईएलव्ही असलेल्या मांजरांना एफआयव्हीची लागण झाली, तेव्हा पहिल्याच टप्प्यातला आजार कितीतरी तीव्र झाला, जास्त मांजरे मेली आणि एफआयव्ही मेंदू, मूत्रपिंड, यकृत अशा अवयवांतही जास्त प्रमाणात सापडला. एफईएलव्हीचे प्रमाण मात्र वाढले नव्हते. म्हणजे मदत एकतर्फी होती. सहसंसर्गात दोन्ही विषाणू एकमेकांना हातभार लावतात, हा सर्रास केला जाणारा समज म्हणूनच सावधपणे घ्यायला हवा.

एफईएलव्हीच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे, तोही मांजराच्या शरीरातलाच. पाळीव मांजराच्या जनुकसंचात या विषाणूसारख्या प्राचीन विषाणूंचे अवशेष पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. एफईएलव्हीचे ए, बी, सी असे उपगट आहेत. बाहेरून आलेल्या ए उपगटाचा या अवशेषांशी संकर झाला की बी उपगट तयार होतो. तो नेहमी ए सोबतच आढळतो. सी उपगट ए मधील उत्परिवर्तनातून होतो. त्यात अस्थिमज्जेत तांबड्या पेशी बनणे थांबते आणि तीव्र रक्तक्षय होतो. बाहेरून एकच विषाणू शिरला तरी काही काळाने त्या मांजरात विषाणूंचे मिश्रण नांदत असते.

सहसंसर्ग नजरेतून कसा निसटतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण पॅनल्युकोपेनियाचे आहे. हा रोग मांजरांच्या पार्व्होव्हायरसामुळे होतो. हा विषाणू आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा यांतील वेगाने वाढणाऱ्या पेशी मारतो, त्यामुळे उलट्या, जुलाब होतात आणि पांढऱ्या पेशी कोसळतात. एफईएलव्ही असलेल्या काही मांजरांत अगदी असाच आजार दिसे, पण नेहमीच्या तपासण्यांत पार्व्होव्हायरस सापडत नसे. म्हणून तो एफईएलव्हीचाच एक प्रकार मानला गेला. 1995 मध्ये अधिक संवेदनशील पद्धतींनी अशा मांजरांच्या आतड्याच्या ऊती पाहिल्या, तेव्हा त्यांत पार्व्होव्हायरस निघाला. वर्षानुवर्षे एका विषाणूच्या नावावर जमा झालेला आजार दोघांचा होता.

रस्त्यावरून उचललेले, डोळे चिपडांनी चिकटलेले आणि सतत शिंकणारे पिल्लू आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेले असते. या ‘कॅट फ्लू’चा इन्फ्लुएन्झाशी संबंध नाही. त्यामागे बहुधा फेलाइन हर्पिसव्हायरस, कॅलिसिव्हायरस किंवा दोन्ही असतात, आणि वर क्लॅमिडिया, मायकोप्लाझ्मा, बॉर्डेटेला हे जिवाणू. डोळ्याच्या पारदर्शक पटलावरचे फांद्यांसारखे व्रण हर्पिसकडे बोट दाखवतात, जिभेवरचे व्रण आणि तात्पुरते लंगडणे कॅलिसीकडे. हर्पिस बरा झाल्यावरही चेतागंडिकांत (चेतापेशींच्या गाठींत) दबून राहतो आणि घर बदलणे, बाळंतपण, स्टेरॉइड अशा ताणानंतर साधारण आठवड्याने पुन्हा बाहेर पडतो. कॅलिसी लपत नाही. काही मांजरे तो महिनोन्‌महिने घशातून सोडत राहतात. एफआयव्ही आणि कॅलिसी एकत्र असलेल्या मांजरांत हिरड्या व तोंडाचा दाह अधिक तीव्र आढळला आहे. अशा मांजराला भूक असते, ते वाडग्यापाशी जाते, पण घास तोंडात घेता येत नाही.

मांजरांचा कोरोनाव्हायरस (कोविडचा नव्हे) बहुतेकांच्या आतड्यात निमूट राहतो. थोड्या मांजरांत त्याच्यात उत्परिवर्तन होऊन एफआयपी (फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस) हा पूर्वी जवळजवळ हमखास प्राणघातक ठरणारा रोग होतो. जीएस-441524 या विषाणूरोधक औषधाने आता बरीच मांजरे वाचतात.

निदानात घाई नडते. झटपट किटमध्ये एफईएलव्हीचे प्रतिजन (विषाणूचेच प्रथिन) आणि एफआयव्हीची प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने) एकाच पट्टीवर दिसतात, पण दोन रेघांचा अर्थ सारखा नसतो. आईच्या दुधातून आलेल्या प्रतिपिंडांमुळे पिल्लू सहा महिन्यांचे होईपर्यंत एफआयव्हीसाठी खोटे होकारार्थी ठरू शकते. एफईएलव्हीची लागण ताजी असेल तर चाचणी नकारार्थी येऊ शकते, म्हणून ती किमान 30 दिवसांनी पुन्हा करावी लागते. काही मांजरांत हा विषाणू रक्तातून नाहीसा होतो पण पेशींच्या डीएनएत टिकतो. तो फक्त पीसीआरने, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीने कळतो. उलट, नाकाच्या स्रावात पीसीआरने हर्पिस सापडला म्हणजे आजार त्याचाच, असेही नाही. निरोगी वाहकांतही तो सापडतो.

पॅनल्युकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी यांवर तिहेरी लस दिली जाते. पहिल्या रोगापासून ती भक्कम संरक्षण देते. उरलेल्या दोघांत आजार सौम्य करते, लागण पूर्ण थांबवत नाही. स्वच्छतेतही फरक पडतो. हर्पिसव्हायरस शरीराबाहेर एक दिवसही क्वचित टिकतो आणि साबणाने मरतो. कॅलिसी कोरड्या जागी आठवडे टिकतो, पार्व्होव्हायरस वर्षभरही. या दोघांवर स्पिरिट किंवा अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर भरवशाचे नाही. जागा आधी घासून धुवावी लागते आणि मग 1 भाग घरगुती ब्लीच 32 भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटे ओली ठेवावी लागते. एफआयव्ही असलेले, नसबंदी झालेले शांत मांजर इतरांसोबत राहू शकते. एफईएलव्ही असलेल्याला मात्र वेगळे ठेवतात, आणि शिंकणाऱ्या नव्या पिल्लाला त्याच्या खोलीत कधीच सोडत नाहीत.