मारहाण, मोडलेलं हाड आणि घरातला छळ : बेळगाव सीमाभागात तक्रार देताना

कन्नड येत नसेल तरी ठाण्याची पायरी चढण्याआधी दोन शब्द पाठ करा. ‘कैयिंद’ म्हणजे हाताने आणि ‘बडिगेयिंद’ म्हणजे काठीने, दांडक्याने. तुम्ही मराठीत सांगता, “मुसळानं मारलं, डाव्या मनगटावर.” लिहून घेणारा ते कन्नडमध्ये उतरवतो आणि घाईत कागदावर येतं ‘कैयिंद होडेदनु’. या एका शब्दाने भारतीय न्याय संहितेचं धोकादायक हत्याराने केलेल्या दुखापतीचं 118 कलम गळतं आणि साध्या दुखापतीचं 115(2) उरतं. 118(1) ला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. 115(2) ला जास्तीत जास्त एक वर्ष किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अदखलपात्र. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासही करता येत नाही. नुसतं ‘काठी’ लिहूनही भागत नाही. मुसळ, कोयता, पहार, तापवलेलं उलथणं, उकळतं तेल असं त्या वस्तूचं नाव, ती केवढी होती आणि शरीरावर कुठे लागली, हे तक्रारीत यायला हवं. जीव जाऊ शकेल असं हत्यार, किंवा धार, आग, तापलेली वस्तू, विष, ॲसिड, स्फोटक असं काही असेल तरच 118 लागतं.

1 जुलै 2024 पासून घडलेल्या गुन्ह्यांना ही नवी संहिता लागू आहे. त्याआधीच्या घटनेला जुनं भारतीय दंड विधानच लागतं, मग तक्रार आज दिलेली असो.

आधी दवाखाना

जखम असेल तर ठाण्याआधी दवाखान्यात जा. बेळगाव शहरात सिव्हिल हॉस्पिटल, म्हणजे आताचं बिम्स. खानापूर, चिकोडी, निपाणीकडे सरकारी रुग्णालय. केस पेपर काढतानाच ‘मारहाण झाली’ असं सांगून एमएलसी, म्हणजे पोलीस केस असल्याची दवाखान्यातली नोंद, करायला लावा. खाजगी डॉक्टरकडे गेलात तरी हेच सांगा. केस पेपरवर कोणी, कशाने आणि किती वाजता मारलं हे यायला हवं. सर्वात जास्त केसेस इथेच बिघडतात. सोबत सासरचं माणूस उभं असतं आणि बाई सांगते, “पायरीवरून पडले.” पुढे कोर्टात आरोपीचा वकील पहिला कागद तोच काढतो. असं झालं असेल तर दुसऱ्याच दिवशी त्याच दवाखान्यात जाऊन खरं कारण नोंदवून घ्या आणि आधी खोटं का सांगितलं तेही तक्रारीत लिहा.

जखम ‘साधी’ की ‘गंभीर’ हे ठरतं 116 कलमातल्या आठ प्रकारांवरून : पुरुषत्व नष्ट होणं, एका तरी डोळ्याची दृष्टी कायमची जाणं, एका तरी कानाचं ऐकणं कायमचं जाणं, अवयव किंवा सांधा तुटणं, त्याची ताकद कायमची जाणं, डोकं किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं अथवा निखळणं, आणि जिवावर बेतणारी किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना देणारी किंवा तेवढे दिवस नेहमीची कामं करू न देणारी दुखापत. जुन्या कायद्यात हे दिवस वीस होते. दात लोक विसरतात. थोबाडीत मारून दात पडला तर ती गंभीर दुखापत आहे, पण दाताच्या डॉक्टरांची चिठ्ठी एमएलसीला जोडलेली हवी. पंधरा दिवसांच्या मुद्द्यावर तेवढे दिवस दवाखान्यात पडून राहायची गरज नाही, आणि नुसतं ॲडमिट असणंही पुरत नाही. ड्रेसिंगच्या चिठ्ठ्या, ओपीडीचे कागद, कामावरच्या रजेचा दाखला असं सगळं तारखांसकट जपून ठेवा.

वुंड सर्टिफिकेट, म्हणजे जखमेचा दाखला, पोलिसांच्या पत्रावर डॉक्टर देतात. त्यात कन्नडमध्ये ‘सादा स्वरूपद गाय’ किंवा ‘भारी स्वरूपद गाय’ असं दिसेल. इथे गाय म्हणजे जखम. एक्स-रे काढला, पण त्याचा रिपोर्ट सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरांच्या टेबलावर पोचलाच नाही, की मोडलेलं मनगटसुद्धा ‘सादा’ होऊन बाहेर पडतं. म्हणून रिपोर्टची एक झेरॉक्स तपास अधिकाऱ्यांना स्वतः द्या आणि पोच घ्या.

हत्याराशिवाय गंभीर दुखापत केली असेल तर 117(2), सात वर्षांपर्यंत कैद. धोकादायक हत्याराने केली तर 118(2), कमीत कमी एक वर्ष आणि वर दहा वर्षं किंवा जन्मठेपेपर्यंत. कायमचं अपंगत्व आलं तर 117(3), किमान दहा वर्षं सक्तमजुरी. एक गोष्ट माहीत असू द्या : 117(2) जामीनपात्र आहे. हाड मोडणारा संध्याकाळी घरी परत येऊ शकतो, त्यामुळे खाली सांगितलेला संरक्षण आदेश लागतोच.

ठाण्यात

कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 कलमात बसत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. सीमाभागात याचा मोठा उपयोग होतो. खानापूर तालुक्यात दिलेली, महाराष्ट्रातल्या चंदगडची मुलगी मार खाऊन माहेरी गेली तर ती चंदगडला तक्रार देऊ शकते. सासरच्या छळाची तक्रार बाई जिथे आसऱ्याला गेली तिथेही चालते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये रूपाली देवी प्रकरणात सांगितलं आहे. मात्र साक्षीदार आणि एमएलसी इकडचे आणि तपास तिकडचा असेल तर कागद आणायला महिने जातात. जखमा ताज्या असतील आणि इकडे थांबणं सुरक्षित असेल तर इकडेच नोंदवलेलं बरं.

तक्रार मराठीत लिहून न्या, दोन प्रती. त्यात तारीख, वेळ, घरातली जागा, कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दांत, कशाने मारलं, कोणी पाहिलं, आधीच्या घटना महिन्या-वर्षासह, आणि उशीर झाला असेल तर का, एवढं हवं. मूळ मराठी कागद एफआयआरला जोडायला सांगा. तोंडी सांगितलेलं लिहून घेतल्यावर वाचून दाखवणं पोलिसांना बंधनकारक आहे, त्याशिवाय सही करू नका. कन्नड वाचणारं एक माणूस सोबत असलं की बरंच सोपं होतं. पावती म्हणून मिळालेला कागद नीट बघा. ‘हिंबरह’ असं शीर्षक असेल तर ते फक्त तक्रार अर्जाला दिलेलं उत्तर आहे. तो एफआयआर नव्हे. एफआयआरवर ‘प्रथम वर्तमान वरदी’ असतं आणि गुन्ह्याचा नंबर असतो. प्रत मोफत मिळते. तक्रार ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. छळाचं 85 कलम आणि 118(1) त्यात येतात. 117(2) ला शिक्षा पुरी सात वर्षांपर्यंत असल्याने ते त्यात बसत नाही, तिथे ‘चौकशी करून बघू’ हे उत्तर चालत नाही. नोंद नाकारली तर लेखी अर्ज बेळगाव शहरात पोलीस आयुक्तालयाकडे, खानापूर-निपाणीकडे जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे. ही पायरी सोडून थेट कोर्टात गेलात तर अर्ज परत येतो.

मार दिसत नाही तेव्हा

घरात कोंडणं, मोबाइल काढून घेणं, पगार हिसकावणं, माहेरी फोन न करू देणं या सगळ्याला मिळून एक स्वतंत्र गुन्हा आपल्या कायद्यात नाही. तुकडे जोडावे लागतात. नवरा किंवा त्याच्या नातेवाइकांनी बाईला आत्महत्येकडे ढकलेल किंवा तिच्या शरीर-मनाला गंभीर इजा होईल असं वागणं, किंवा मालमत्तेच्या मागणीसाठी छळणं, हे 85 आणि 86 मध्ये येतं. तीन वर्षांपर्यंत कैद. कोंडून ठेवलं तर 127 : साधं एक वर्ष, तीन दिवस किंवा अधिक असेल तर तीन वर्षं, दहा दिवस किंवा अधिक असेल तर पाच वर्षं. म्हणून किती दिवस कोंडलं ते मोजून लिहा. ठार मारण्याची धमकी 351(3) मध्ये.

85 ची तक्रार ती बाई किंवा तिचे रक्ताचे, लग्नाचे, दत्तक नात्याचे लोक देऊ शकतात, शेजारी नाही. मुदत तीन वर्षांची आहे. पंच बसवून, दोनदा नांदायला पाठवून ती वर्षं निघून गेलेली घरं कमी नाहीत. आणि नंतर ‘मिटवून घेतो’ म्हटलं तरी 85 ठाण्यात मिटत नाही, उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठातून रद्द करून आणावं लागतं.

संरक्षण आदेशाचा अर्ज

कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 चा अर्ज एफआयआर नसतानाही करता येतो. एका घरात राहिलेली बायको, लग्नासारख्या नात्यातली बाई, आई, बहीण, विधवा सून या सगळ्या पात्र आहेत. मारहाणीबरोबर शिवीगाळ, लैंगिक जबरदस्ती आणि पैशाची कोंडीही यात येते. कर्नाटकात तालुक्याचे सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) संरक्षण अधिकारी असतात. ते नमुना 1 मध्ये अहवाल करतात, नमुना 2 मध्ये कोर्टाचा अर्ज, आणि तातडीच्या आदेशासाठी नमुना 3 मधलं शपथपत्र. सोबत आधार, लग्नाचा पुरावा (पत्रिका, फोटो, रेशन कार्ड काहीही चालतं), एमएलसी, मुलांचे जन्मदाखले आणि नवऱ्याच्या कमाईचा असेल तो कागद. मोबाइलमधली रेकॉर्डिंग द्यायची असेल तर मूळ फोन विकू नका. साक्ष अधिनियमाच्या 63 कलमाचं प्रमाणपत्र त्यासोबत लागतं. वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा 15100 वर. बाईला उत्पन्नाची अट नाही. रात्री-अपरात्री 112, महिलांसाठी 181.

ॲसिड हल्ल्यात (124 कलम, किमान दहा वर्षं) खाजगी दवाखान्यालाही मोफत उपचार नाकारता येत नाहीत. किमान तीन लाख रुपये भरपाई देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा आदेश आहे, त्यातले एक लाख पंधरा दिवसांत. अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडेच.

हिंसाचाराच्या अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात नोटीस लागेपर्यंत ती लांबते, म्हणून तातडीच्या एकतर्फी आदेशाची मागणी पहिल्याच अर्जात करा. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. आदेशाच्या प्रती कोर्टातून मोफत मिळतात. एक नवऱ्याच्या हद्दीतल्या ठाण्यात, एक स्वतःजवळ, आणि माहेर महाराष्ट्रात असेल तर मराठी भाषांतरासकट एक तिकडच्या ठाण्यात द्या. बेळगावच्या कोर्टाचा हा आदेश देशभर लागू होतो.