पुरुषांचे लांब केस आणि चेहऱ्यावरून वाचले जाणारे वय

महेंद्रसिंह धोनीची तीन छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. पहिले २००६ सालचे, मानेवर रुळणाऱ्या झुलपांचे. त्याच वर्षी लाहोरच्या सामन्यानंतर पाकिस्तानचे तत्कालीन अध्यक्ष परवेझ मुशर्रफ यांनी ते केस कापू नयेत असा सल्ला त्याला सर्वांसमक्ष दिला होता. दुसरे एप्रिल २०११ मधले, वानखेडेवर विश्वचषक जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशीचे, मुंडण केलेल्या डोक्याचे. तिसरे २०२४ च्या आयपीएलमधले, वयाच्या ४२ व्या वर्षी पुन्हा मानेपर्यंत वाढवलेल्या केसांचे. पहिल्या दोन छायाचित्रांत पाच वर्षांचे अंतर आहे, पण डोळ्यांना ते त्याहून मोठे वाटते. दुसऱ्या आणि तिसऱ्यात तेरा वर्षांचे अंतर आहे आणि ते मात्र आकसल्यासारखे दिसते.

एका माणसाच्या तीन छायाचित्रांवरून सिद्धांत मांडता येत नाही, कारण प्रकाश, दाढी, वजन आणि चेहऱ्यावरचा भाव या सर्वांत फरक असतो. तरीही त्यातून उभा राहणारा प्रश्न खरा आहे: पुरुषाचे केस लांब असले की तो तरुण दिसतो की वयस्कर? या विषयावरचे संशोधन एकत्र वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की लांबी स्वतः वय वाढवतही नाही आणि घटवतही नाही. वयाने केसांवर जे परिणाम केलेले असतात ते लांबीमुळे ठळक होतात, आणि वयाने चेहऱ्यावर जे परिणाम केलेले असतात त्यांपैकी काही लांबीमुळे झाकले जातात. या दोहोंपैकी कोणते पारडे जड होते ते प्रत्येकाच्या डोक्यावर आणि चेहऱ्यावर अवलंबून असते.

अनोळखी माणसाच्या वयाचा अंदाज आपण क्षणार्धात बांधतो आणि तो अनेक खुणांवरून बांधतो. बर्ट आणि पेरेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये प्रौढ पुरुषांच्या चेहऱ्यांवर संगणकाच्या साहाय्याने प्रयोग केले, तेव्हा चेहऱ्याचा आकार आणि चेहऱ्याचे रंग या दोन्हींतून वयाची माहिती मिळते असे दिसले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात डेन्मार्कमधील जुळ्या बहिणी आणि काही ब्रिटिश स्त्रिया यांची छायाचित्रे तपासली गेली. त्यांचे दिसणारे वय त्वचेवरील सुरकुत्या, केसांचा पांढरेपणा आणि ओठांची उंची या तीन गोष्टींशी स्वतंत्रपणे जोडलेले आढळले. हा अभ्यास स्त्रियांवरचा आहे हे खरे, पण सुरकुत्या आणि पिकलेले केस या खुणा पुरुषांच्या बाबतीतही पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाहीत. पुरुषांच्या बाबतीत आणखी एक खूण भर घालते, ती म्हणजे मागे सरकलेली केशरेषा. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये १२२ जणांना केशरोपण केलेल्या पुरुषांची आधीची आणि नंतरची छायाचित्रे दाखवली, तेव्हा रोपणानंतरचे चेहरे सरासरी सुमारे साडेतीन वर्षांनी तरुण ठरले. त्या पुरुषांच्या त्वचेत काहीही बदल झालेला नव्हता.

लांब केस काय झाकतात ते आधी पाहू. कपाळावर आलेली बट आडव्या सुरकुत्या झाकते आणि कानशिलांवर मागे हटलेले कोपरेही झाकते. मानेची सैल त्वचा बाजूच्या केसांआड जाते. कानांचा विचार सहसा कोणी करत नाही, पण कानही वय सांगतात. १९९५ मध्ये एका ब्रिटिश डॉक्टरांनी तिशीच्या पुढच्या २०६ रुग्णांच्या कानांची मोजमापे घेऊन दाखवले की कानाची लांबी दरवर्षी सरासरी ०.२२ मिलिमीटरने वाढते, म्हणजे पन्नास वर्षांत सुमारे एक सेंटिमीटर. कूर्चा, म्हणजे कानातले लवचीक मऊ हाड, सैल पडणे आणि कानाची पाळी लोंबणे ही याची कारणे मानली जातात. कान उघडे टाकणाऱ्या आखूड केसांत हा बदल स्पष्ट दिसतो, तर कानांवर आलेल्या केसांत तो नजरेआड राहतो.

आता लांबी काय उघडे पाडते याकडे वळू, आणि येथे भौतिकशास्त्राची गरज लागते. आखूड केस उभा राहतो आणि लांब केस झुकतो, यामागे केसाचा ताठपणा आणि त्याचे स्वतःचे वजन यांची झुंज असते. केंब्रिजचे रेमंड गोल्डस्टीन, वॉरिकचे रॉबिन बॉल आणि युनिलिव्हर कंपनीचे पॅट्रिक वॉरन यांनी २०१२ मध्ये शेपटीसारख्या बांधलेल्या केसांचा आकार समीकरणात मांडला. त्यांच्या मांडणीत एक लांबी महत्त्वाची ठरते: सुमारे ५ सेंटिमीटर. केस यापेक्षा बराच आखूड असेल तर ताठपणाची सरशी होते आणि यापेक्षा बराच लांब असेल तर गुरुत्वाकर्षणाची. गवताचे कोवळे पाते सरळ उभे असते आणि वाढल्यावर त्याचे टोक कमानीसारखे खाली येते, तसेच हे आहे. म्हणून दोन-तीन सेंटिमीटरचे केस टाळूपासून वर उठून दाटपणाचा भास निर्माण करतात, आणि वीस सेंटिमीटरचे सरळ केस टाळूला चिकटून खाली ओघळतात. ओघळताना ते भांगाच्या दोन्ही बाजूंना खेचले जातात आणि भांगातील त्वचा उघडी पडते.

दाट केसांच्या तरुणात भांगाची ती रेघ अरुंद असते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. वाढत्या वयाबरोबर केसांची संख्याही घटते आणि प्रत्येक केसाची जाडीही घटते. केसाचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असल्यामुळे जाडी केवळ १० टक्क्यांनी कमी झाली तरी ताठपणा सुमारे ३४ टक्क्यांनी कमी होतो, तर वजन सुमारे १९ टक्क्यांनीच घटते. म्हणजे बारीक झालेला केस स्वतःच्या घटलेल्या वजनालाही पेलण्यात मागे पडतो. लांब केसांत हा अशक्तपणा भांग रुंदावण्याच्या आणि टाळू दिसण्याच्या रूपाने प्रकट होतो. काळे केस आणि त्यामागची उजळ त्वचा यांत जितका विरोध जास्त, तितकी ती विरळता नजरेत भरते. आपल्याकडे बहुतेकांचे केस गडद असल्याने ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कुरळे केस याला बऱ्याच अंशी अपवाद ठरतात, कारण प्रत्येक वळण शेजारच्या केसांना दूर ढकलते आणि लांबी वाढली तरी फुगीरपणा टिकतो. तबलावादक उस्ताद झाकीर हुसेन यांच्या कुरळ्या केसांना लांबी इतकी शोभून दिसे, यात या वळणांचा वाटा मोठा होता असे मला वाटते.

पुरुषांतील टकलाची कारणमीमांसाही लांबीच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. टाळूवरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि त्याच्या वाढीचा काळ दोन ते सहा वर्षांचा असतो; त्यानंतर तो गळतो आणि त्याच मुळातून नवा केस येतो. यावरून हिशेब सोपा आहे: सहा वर्षे वाढणारा केस ७० सेंटिमीटरच्या आसपास पोहोचू शकतो, तर दोन वर्षांत थांबणारा केस २४ सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. ज्यांच्यात आनुवंशिक प्रवृत्ती असते अशा पुरुषांच्या कपाळावरील आणि टाळूवरील केसांची मुळे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाला संवेदनशील असतात. त्याच्या प्रभावाने वाढीचा काळ फेरीगणिक आखडत जातो, मूळ आकाराने लहान होते आणि शेवटी तेथे लव उरते. मानेच्या वरचे आणि कानांमागचे केस मात्र या संप्रेरकाला दाद देत नाहीत. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये दाखवले की मागचे केस पुढे लावले तरी त्यांचा हा गुण कायम राहतो, आणि आजचे केशरोपण याच निरीक्षणावर उभे आहे.

याचा परिणाम असा की टक्कल पडू लागलेल्या पुरुषाने केस वाढवायचे ठरवले, तरी ते सगळीकडे सारखे वाढत नाहीत. मागचे आणि बाजूचे केस खांद्यावर येतात, पुढचे आणि टाळूवरचे अर्ध्यावरच थांबतात. केसांचा भार चेहऱ्याच्या वरच्या भागातून खालच्या भागाकडे जातो आणि कपाळाची रिकामी जागा खालच्या दाट केसांच्या तुलनेत अधिकच रिकामी दिसते. अशा स्थितीत लांबी वय वाढवून दाखवते हे मी ठामपणे म्हणेन. ज्याची केशरेषा शाबूत आहे त्याच्या बाबतीत तीच लांबी त्याचे वय कमी करून दाखवू शकते, कारण इतके लांब आणि सर्वत्र सारखे केस हेच त्याच्या मुळांच्या दीर्घ वाढकाळाचे दृश्य चिन्ह असते.

केस पिकण्याचे गणित लांबीबरोबर आणखी बदलते. केसाला रंग मुळाशी असलेल्या रंगपेशी देतात. बाहेर आलेला भाग निर्जीव असतो आणि त्याचा रंग सहसा पुन्हा बदलत नाही. एखाद्या मुळातून आज पांढरा केस निघाला तर दोन सेंटिमीटरच्या कापणीत तो दोन महिन्यांत बाकीच्या केसांच्या बरोबरीने दिसू लागतो. चोवीस सेंटिमीटरच्या केसांत त्याला टोकापर्यंत यायला दोन वर्षे लागतात, आणि तोवर तो बराचसा काळ्या केसांच्या थराखाली राहतो. म्हणून लांब केस काही काळ आपल्या मालकाचे पिकणे उशिराने जाहीर करतात. फक्त भांगाजवळ आणि कानशिलांवर, जेथे पुरुषांचे केस सहसा आधी पिकतात, तेथे ते लवकर कळते. कलप लावणाऱ्यांना नेमकी हीच जागा त्रास देते. महिन्याकाठी एक सेंटिमीटर पांढरी पट्टी मुळाशी उघडी पडते, आणि उरलेल्या काळ्याभोर लांब केसांमुळे ती डोळ्यांत भरते. बारीक कापलेल्या केसांत मात्र कलप लावलेला भाग कापणीबरोबर निघून जातो आणि असा सांधा राहत नाही.

दाढीची गोष्ट उलट दिशेची आहे. डिक्सन आणि वेसी यांनी न्यूझीलंड आणि सामोआ येथे केलेल्या अभ्यासात दाढीवाले पुरुष वयाने आणि प्रतिष्ठेने मोठे वाटले. त्याआधी मस्करेला आणि कनिंगहॅम यांनी १९९६ मध्ये दाखवले होते की टाळूवरचे केस कमी होत गेले की वय आणि सामाजिक परिपक्वता जास्त वाटते. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले तर डोक्यावरचे केस आणि हनुवटीवरचे केस वयाच्या अंदाजाला परस्परविरुद्ध बाजूंना खेचतात. त्यामुळे लांब केस आणि लांब दाढी एकाच वेळी ठेवणाऱ्याच्या वयाचा अंदाज बांधणे अवघड जाते, आणि ती दाढी पांढरी असेल तर पाहणारा सहसा दाढीचे ऐकतो. रवींद्रनाथ ठाकूर यांची प्रौढ वयातली छायाचित्रे आठवून पाहावीत. मानेवर उतरलेल्या केसांनी तेथे तारुण्य आणलेले नाही, त्यांनी ऋषितुल्य वय आणले आहे.

येथे शरीरशास्त्राची जागा सामाजिक सवय घेते. लांब केसांचा पुरुष म्हटल्यावर आपल्याकडे एकीकडे जटाधारी साधू डोळ्यांसमोर येतो आणि दुसरीकडे कलावंत. १९६० आणि १९७० च्या दशकांत पाश्चात्त्य तरुणांनी केस वाढवले, त्यांतले अनेक हिप्पी गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावर येऊन राहिले, आणि लांब केस हे बंडखोर तारुण्याचे चिन्ह बनले. पण असे चिन्ह आपल्या पिढीबरोबर म्हातारे होते. सत्तरीतल्या पुरुषाने तरुणपणची केशरचना तशीच जपली असेल, तर पाहणारा त्या रचनेवरून त्याच्या तारुण्याचे दशक ओळखतो आणि तेवढ्यावरून वयाचा अंदाज बांधतो. वीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर तीच लांबी आज पुन्हा नवी फॅशन म्हणून वाचली जाते.

लांब केस ठेवणाऱ्यांनी एका गोष्टीकडे खरोखर लक्ष द्यावे, आणि ती म्हणजे केस बांधण्याची पद्धत. रोज घट्ट अंबाडा किंवा शेपटी बांधली की कपाळाच्या कडेच्या आणि कानशिलांवरच्या मुळांवर सतत ताण पडतो आणि तेथील केस गळू लागतात. ताणामुळे होणारी ही केसगळती केस घट्ट बांधून वर पगडी घालणाऱ्या शीख पुरुषांतही त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवली आहे. आनुवंशिक टक्कल ज्या कोपऱ्यांतून सुरू होते त्याच कोपऱ्यांवर हा ताणही पडत असल्यामुळे वय वाढवून दाखवणारी केशरेषा माणूस स्वतःच्या हाताने मागे ढकलत असतो. सुरुवातीच्या काळात केस सैल सोडले किंवा बांधण्याची जागा बदलत राहिली तर गेलेले केस बहुधा परत येतात. ताण वर्षानुवर्षे चालू राहिला तर मुळांच्या जागी व्रणाची ऊती तयार होते आणि मग तेथे केस पुन्हा उगवत नाहीत.