साच्याच्या पोटात काचेचा धागा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतल्या कास्टिंगमधला ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे आत राहिलेली पोकळी, बऱ्याचदा सापडतो तो गिऱ्हाइकाच्या मशिनशॉपमध्ये, टूल फिरल्यावर. ओतण्याआधी रसाचं तापमान मोजता येतं, स्पेक्ट्रोवर रसायन तपासता येतं. मोल्ड भरला, की पुढचा सगळा कारभार वाळूच्या आत. ऑइल इंजिनच्या जमान्यापासून कोल्हापूरचा ओतारी या न दिसणाऱ्या टप्प्याबरोबर काम करत आलाय, अनुभवाने आणि रायझर (आकसणाऱ्या भागाला जादा रस पुरवणारा साठा) कुठे ठेवायचा याच्या जाणतेपणाने.

एफआरपीचं, म्हणजे उसाच्या दराचं नव्हे, काचतंतू आणि रेझिनचं, दुखणं याच जातीचं आहे. साच्यावर जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) मारला, काचतंतूंची मॅट अंथरली, कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट घातलेलं रेझिन रोलरने जिरवलं, की आत रासायनिक क्रिया सुरू होते. ती स्वतःच उष्णता सोडते. जिथे थर जाड तिथे रेझिन इतकं तापतं की तडे जातात किंवा रंग पिवळट पडतो. पातळ कडेला तेच रेझिन अर्धकच्चं राहतं. शिवाय पॉलिस्टर रेझिन घट्ट होताना आकारमानाने 5 ते 8 टक्के आकसतं. हे सगळं होऊन गेल्यावर आपण नखाने ओरखडून पाहतो, नाणं ठोकून आवाज ऐकतो, फार तर बारकोलने कडकपणा मोजतो. तोवर माल बिघडायचा तो बिघडलेला असतो.

टाकी किंवा डक्ट असेल तर भंगारात टाकून पुन्हा करता येतं. विमानाच्या पंखाला ती मुभा नाही. तिथे कार्बनतंतू आणि इपॉक्सीचे थर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या बंद भट्टीत, 180 अंशांच्या आसपास, सहा-सात बार दाबाखाली तासन्‌तास शिजतात. भट्टीतल्या हवेचं तापमान कळतं, पण थरांच्या मधोमध काय चाललंय ते वेगळंच असतं. थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) घातला तर तापमान कळतं, रेझिन किती पक्कं झालं ते नाही. विद्युत गुणधर्मांवरून क्युअरिंग, म्हणजे रेझिन पक्कं होणं, ओळखायचे सेन्सर निघाले, पण कार्बन स्वतःच वीजवाहक, त्यामुळे ते त्यात शॉर्ट होतात. वर फिल्टरचं आवरण द्यावं लागतं. वीज न लागणारं, उष्णता सोसणारं आणि थरांत मावेल इतकं बारीक काहीतरी हवं होतं.

ते आलं टेलिफोनवाल्यांकडून. काचेच्या धाग्यातून प्रकाश वळवून नेता येतो हे पंजाबच्या मोग्यात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्याबरोबर 1954 मध्ये दाखवलं. 1966 मध्ये चार्ल्स काव आणि हॉकहॅम यांनी काच पुरेशी शुद्ध केली तर संदेश लांबवर जाईल असं मांडलं, आणि 1970 मध्ये अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीने एक किलोमीटरनंतर एक टक्क्याहून जास्त प्रकाश शिल्लक राहील असा धागा काढला. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. तेव्हा तोच उंबरठा मानला जात होता.

सेन्सरचा जन्म मात्र 1978 चा, कॅनडातल्या ओटावाचा. केन हिल आणि सहकारी जर्मेनियम मिसळलेल्या धाग्यात आर्गॉन लेझरचा प्रकाश सोडत होते. काही मिनिटांत परत येणारा प्रकाश वाढत चालला. पुढे जाणाऱ्या आणि टोकावरून परतणाऱ्या लाटांनी मिळून काचेच्या गाभ्यात ठरावीक अंतराने बारीक पट्टे कोरले होते. असे पट्टे एकाच तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवतात, बाकीचा जाऊ देतात. धागा ताणला किंवा तापला, की पट्ट्यांमधलं अंतर आणि काचेचा अपवर्तनांक बदलतो आणि परतणारी तरंगलांबी सरकते. ब्रॅग पितापुत्रांच्या स्फटिकावरच्या कामावरून याला ब्रॅग ग्रेटिंग म्हणतात.

पण एक अडचण होती. ज्या लेझरने पट्टे कोरले, त्याच निळ्या-हिरव्या रंगाला ते उत्तर देत, आणि दूरसंचाराची उपकरणं अवरक्त प्रकाशावर चालत. म्हणून शोध अकरा वर्षं जवळजवळ बाजूलाच पडला. 1989 मध्ये मेल्ट्झ, मोरे आणि ग्लेन यांनी धाग्याच्या बाजूने अतिनील किरणांच्या दोन झोतांनी पट्टे कोरले; झोतांमधला कोन बदलला की हवी ती तरंगलांबी. हे काम युनायटेड टेक्नॉलॉजीजच्या संशोधन केंद्रात झालं, म्हणजे जिच्या छत्राखाली विमानाची इंजिनं आणि हेलिकॉप्टरं बनत त्या कंपनीत. 1993 मध्ये फेज मास्क, म्हणजे पट्ट्यांचा नमुना आधीच कोरलेली काचपट्टी, आला आणि ग्रेटिंग छापल्यासारखी निघू लागली.

क्युअरिंगमध्ये ही ग्रेटिंग काय सांगते ते बघण्यासारखं आहे. 1550 नॅनोमीटरच्या आसपास तापमान एक अंश वाढलं की तरंगलांबी साधारण 10 पिकोमीटर सरकते, आणि एक मायक्रोस्ट्रेन (लांबीच्या दहा लाखाव्या भागाइतक्या) ताणाला 1.2. रेझिन पातळ असेपर्यंत ते धाग्याला धरत नाही, त्यामुळे आलेख फक्त तापमानाबरोबर चढतो. ते जेलीसारखं घट्ट झालं, की पकड बसते आणि आलेख तापमानाची वाट सोडतो. पुढे भाग थंड होताना आत दाबून राहिलेला ताण त्यातच उमटतो. पण एक अंशाचा फरक आठ मायक्रोस्ट्रेनसारखा दिसतो, म्हणून शेजारी बारीक नळीत मोकळी ठेवलेली दुसरी ग्रेटिंग लागते, जिला फक्त ऊब कळते.

याहून साधी युक्तीही आहे, आणि ती मला जास्त आवडते. धाग्याचं टोक सरळ कापून कोरड्या मॅटमध्ये ठेवायचं. हवेत त्या टोकावरून साडेतीन टक्क्यांच्या आसपास प्रकाश परततो. इन्फ्युजनचं, म्हणजे हवा काढून कोरड्या मॅटमध्ये ओढून घेतलेलं, रेझिन येऊन भिडलं, की तो एक टक्क्याच्या दहाव्या भागाजवळ घसरतो. रेझिन नेमकं केव्हा पोचलं ते कळलं. मग रेझिन घट्ट होताना त्याचा अपवर्तनांक चढतो, परतणारा प्रकाशही, आणि रेषा सपाट झाली की क्युअरिंग थांबलं. तापमानाची दुरुस्ती इथेही करावीच लागते.

मग हे सगळं सर्रास का झालं नाही? कारण धागा आत घालणं सोपं, बाहेर काढणं अवघड. भागावर हवा काढून बसवलेल्या पिशवीच्या, म्हणजे व्हॅक्यूम बॅगच्या, सीलंट टेपखालून तो जिथे बाहेर येतो तिथे रेझिन त्याला कडक करतं, आणि भाग साच्यातून सोडवताना किंवा कडा कापताना तो नेमका तिथेच मोडतो. महिन्याभराचं काम एका डिस्क कटरच्या फेऱ्यात संपतं. बारीक टेफ्लॉन नळी, पुरलेले कनेक्टर, सगळं करून झालंय. दुसरं, कार्बनचा तंतू सातेक मायक्रॉनचा आणि हा धागा सव्वाशे मायक्रॉनचा. भाताच्या काडांच्या पेंढीत ऊस घुसवल्यासारखा. तंतूंना आडवा ठेवला तर दोन्ही बाजूंना नुसत्या रेझिनचा डोळा तयार होतो, आणि तीच पुढची कमजोर जागा. धाग्यावरचं नेहमीचं अॅक्रिलेटचं आवरण 180 अंशांना टिकत नाही, पॉलिइमाइडचं टिकतं, पण ते महाग.

1998 मध्ये नासाच्या फ्रॉगॅट आणि मूर यांनी ग्रेटिंगशिवाय, काचेतल्या नैसर्गिक विखुरण्यावरून साध्या धाग्याच्या लांबीभर ताण वाचून दाखवला. एकच धागा साऱ्या भागातून फिरवता येतो हे त्याचं मोल. आपल्याकडे कोलकात्याच्या केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेत ग्रेटिंग सेन्सरवर काम झालंय.

कोल्हापूरपुरतं बोलायचं तर खर्च धाग्याचा नाही, तो वाचणाऱ्या यंत्राचा आहे, आणि हॅण्ड ले-अपच्या, म्हणजे हाताने थर देणाऱ्या, कारखान्याला त्याचा हिशेब बसणार नाही. इथे आधी चार थर्मोकपल आणि नोंदवही पुरे. इन्फ्युजन करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी टोकाच्या परावर्तनाचा सेन्सर भागात न पुरता साच्याच्या पृष्ठभागाशी सपाट बसवणं हा मार्ग आहे: धागा मोडत नाही, भागात परकं काही राहत नाही, आणि तोच सेन्सर पुढच्या भागालाही चालतो. आतल्या थरांचा ताण त्यातून कळत नाही, फक्त कातडीजवळचं रेझिन कळतं. पॅटर्न आणि टूलिंगची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असलेल्या उद्यमनगरला असा साचा घडवणं जड नाही.