नेमणूकपत्र आधी कोणासाठी होतं?

ठाणे जिल्ह्यातल्या रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या लहान कारखान्यांत आजही नेमणूकपत्र म्हणजे बऱ्याचदा लेटरहेडवरच्या चार ओळी असतात. ‘आपली हेल्पर म्हणून तात्पुरत्या स्वरूपात सात महिन्यांसाठी नेमणूक करण्यात येत आहे’, पगाराचा एकच आकडा आणि खाली शिक्का. मूळ वेतन किती, महागाई भत्ता किती, पीएफ कोणाच्या खात्यातून जाणार, याचा पत्ता नसतो. यात मालकाची टाळाटाळ आहेच. पण प्रत्येक कामगाराच्या हाती त्याचा स्वतःचा कागद दिलाच पाहिजे, असं आपल्या कायद्यानेही कित्येक दशकं सरसकट म्हटलं नव्हतं.

लेखी करार तसा जुना आहे. 1859 चा करारभंगाचा कायदा मुंबई, कलकत्ता आणि मद्रास शहरांतल्या कारागीर-मजुरांसाठी आला. उचल घेऊन काम सोडलं, तर मॅजिस्ट्रेट पैसे परत करायला किंवा काम पुरं करायला सांगे, आणि तेही झालं नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. त्या काळात करारावरचा अंगठा मालकाच्या उपयोगाचा होता, मजुराला तो बांधून ठेवी. हा कायदा 1925 साली रद्द झाला.

गिरण्यांत तर कागदाचीही गरज नव्हती. जॉबर म्हणजे गिरणीचा मुकादम दारावर माणसं निवडायचा आणि त्याचा शब्द हीच नेमणूक. त्याला लगाम 1938 च्या मुंबई औद्योगिक विवाद कायद्याने घातला, आणि पुढे 1946 चा स्थायी आदेशांचा केंद्रीय कायदा आला. त्याने सेवाशर्ती लेखी केल्या खऱ्या, पण त्या कारखान्याच्या, माणसाच्या नव्हे. हजेरी, पाळ्या, रजा, गैरवर्तन, बडतर्फी हे सगळं प्रमाणित करून घ्यायचं आणि कामगार ज्या दारातून आत येतात तिथे, बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेत फलकावर लावायचं. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाणे-बेलापूर पट्टा कारखान्यांनी भरत गेला, तेव्हा इथल्या कामगाराच्या शर्ती अशा गेटवरच्या फलकावर होत्या. हातातलं पत्र तोकडं राहिलं ते त्यामुळेच.

महाराष्ट्राने या व्यवस्थेला दोन गोष्टींची जोड दिली आणि दोन्ही मोलाच्या होत्या. केंद्राची मर्यादा 100 कामगारांची होती, इथे ती 50 वर आणली. शिवाय राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत असं होतं की बदली (गैरहजर माणसाच्या जागी घेतलेल्या) किंवा तात्पुरत्या कामगाराचे मागच्या बारा महिन्यांत मिळून 240 दिवस भरले, की त्याला लेखी आदेशाने कायम करायचं, मधल्या काळात त्याचं नाव मस्टरवर सलग असो वा नसो. सात महिन्यांच्या पत्राचं गणित इथूनच येतं. सात महिने म्हणजे साधारण 210 दिवस. मग ‘ब्रेक’, मग नवं पत्र. 1971 च्या राज्याच्या कायद्याने कायमपणाचे हक्क बुडवण्याच्या हेतूने वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा ठरवली. पण 240 दिवस भरले हे सिद्ध करण्याची जबाबदारी कामगारावर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली स्पष्ट केलं. म्हणून ब्रेकच्या आधीची आणि नंतरची सगळी पत्रं जपून ठेवावीत. त्यांवरच्या तारखा हाच पुरावा असतो.

माणसागणिक कागदाची सक्ती तुकड्यातुकड्याने आली. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत ठेकेदाराने तीन दिवसांत रोजगार कार्ड द्यायचं होतं. 1976 च्या कायद्याने औषध कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींना ठरावीक नमुन्यातलं नेमणूकपत्र मिळालं. तुर्भ्याच्या बाजारातल्या माथाडींची वाट वेगळी: 1969 च्या कायद्याने त्यांची नोंदणी मंडळाकडे होते.

मुदतीआधी नोकरी सोडायची नाही, असं लिहून घेणाऱ्या बॉण्डची कलमं मात्र 1872 च्या करार कायद्यावर उभी आहेत. त्यातला एक महत्त्वाचा निकाल आपल्याच जिल्ह्यातला आहे. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार मोडून प्रतिस्पर्धी कंपनीत गेला. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या मुदतीपुरती दुसरीकडे काम करण्यावरची बंदी वैध ठरवली. नोकरी संपल्यानंतर ‘दुसरीकडे काम करायचं नाही’ ही अट मात्र कलम 27 खाली सहसा टिकत नाही. मुदतीआधी सोडल्यास भरपाईचं कलम टिकू शकतं: मे 2025 मध्ये बँकेचा 2 लाखांचा बॉण्ड न्यायालयाने मान्य केला. तेव्हा सही करण्याआधी रक्कम आणि मुदत नीट वाचा.

21 नोव्हेंबर 2025 पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम 6 नुसार प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र द्यायचं आहे. जुन्यांपैकी ज्यांना मिळालं नव्हतं त्यांना तीन महिन्यांत. केंद्राच्या मसुदा नियमांत पद, कौशल्याची श्रेणी, रुजू तारीख, मूळ वेतन व महागाई भत्ता, इतर भत्ते, बढतीची वाट, पीएफ-ईएसआय क्रमांक आणि कामाचं स्वरूप हे तपशील होते. वेतनाची फोड का हवी, ते हिशेबातून कळतं. एकूण पगार 40,000, मूळ व महागाई 15,000, भत्ते 25,000. नव्या व्याख्येत वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले की वरचे 5,000 वेतनात धरायचे, म्हणजे वेतन 20,000. ग्रॅच्युइटी दर वर्षाला 8,654 ऐवजी 11,538 रुपये. पत्रात नुसतं ‘सीटीसी’ (कंपनीला पडणारा एकूण खर्च) असेल तर हा फरक कामगाराला दिसतच नाही.

याच वेळी दुसऱ्या, म्हणजे औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांची मर्यादा 300 कामगारांवर नेली आहे. रबाळ्यातल्या 80 माणसांच्या कारखान्याला आता फलक लावणं बंधनकारक राहिलेलं नाही, म्हणून नोटिशीची मुदत, पाळी, बदलीचं ठिकाण हे सारं पत्रातच मागून घ्यायला हवं.

जुन्या कामगाराला नव्याने पत्र देताना एक चूक फार महाग पडते: रुजू तारखेच्या जागी पत्राचीच तारीख टाकली जाते. 2014 पासून कामावर असलेल्या माणसाची आधीची अकरा-बारा वर्षं कागदावरून पुसली जातात. सही करण्याआधी ती तारीख पीएफच्या सेवानोंदीतल्या रुजू तारखेशी ताडून पाहा, आणि जुळत नसेल तर दुरुस्तीची मागणी लेखी देऊन पोच घ्या.