सिम्युलेटरमधला कोकणकडा

घरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये माळशेजवरून हरिश्चंद्रगडाकडे विमान वळवलं, की बहुधा निराशाच होते. आत वळलेला रांगडा कोकणकडा पडद्यावर मुरमाच्या ढिगासारखा घरंगळत कोकणात उतरलेला असतो. यावर लोक आधी ग्राफिक्स कार्ड बदलतात, मग चकचकीत उपग्रह-छायाचित्रं चढवतात. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. आधी उंचीचे आकडे बघावेत.

मोफत मिळणारे बरेचसे आकडे फेब्रुवारी २००० मधले आहेत. 'एन्डेव्हर' या अवकाशयानाने एक अँटेना स्वतःच्या पोटात आणि दुसरी ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला ठेवून, ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने जमीन मोजली. परतलेली लहर दोन्ही अँटेनांपाशी किंचित पुढेमागे पोचते; त्या फरकातून उंची निघते. आपल्याकडचा आधी साधारण ९० मीटरला एक आकडा खुला होता, पुढे ३० मीटरला एक मिळू लागला. कोकणकडा आणि कळसूबाई अक्षांश-रेखांशाच्या ज्या एका अंशाच्या चौकोनात येतात, त्याच्या जुन्या फाइलीत १४ लाख बिंदू होते, नव्या फाइलीत सुमारे १ कोटी ३० लाख.

पण हे सगळे बिंदू पडद्यावर येत नाहीत. त्रिकोणांच्या जाळीत, म्हणजे मेशमध्ये, बसवताना सॉफ्टवेअर काटछाट करतं. एक्स-प्लेन या सिम्युलेटरसाठी जमीन तयार करणारं ऑर्थोफोरएक्सपी वापरत असाल, तर त्यातली वक्रतेची सूट (कर्व्हेचर टॉलरन्स), म्हणजे खऱ्या उतारापासून जाळीला किती ढळू द्यायचं ती मुभा, कमी करून बघा. पठारावरचे त्रिकोण मोठेच राहतात, कड्याच्या धारेवर मात्र ते दाटतात.

छायाचित्रांचं मग बघू. त्यांच्या बारकाव्याच्या पायऱ्यांना झूम म्हणतात; झूम १६ला आपल्या अक्षांशावर एक पिक्सेल साधारण सव्वादोन मीटरचा असतो. पुढच्या प्रत्येक पायरीला डिस्कवरची जागा चौपट लागते. धावपट्टीभोवती १७, बाकी १६ पुरे. आणि छायाचित्रं निरभ्र दिवसांतली असल्यामुळे ऐन आषाढातही सह्याद्री पिवळाच दिसतो, त्याला इलाज नाही.

तरीही काही गोष्टी हाती लागत नाहीत. जीवधनशेजारच्या वानरलिंगीसारखा सुळका ३० मीटरच्या जाळीत नीट सापडत नाही. खोल दऱ्यांत रडारची सावली पडते, म्हणजे लहर तिथे पोचतच नाही. तिथली भोकं आजूबाजूच्या उंचीवरून भरलेली असतात. शिवाय या फाइलीत एका जागेला एकच उंची लिहिता येते. वरची धार पुढे आणि पोट आत, हा आकार तिच्यात मावतच नाही. त्यासाठी कड्याचं वेगळं थ्रीडी मॉडेल बनवून त्या जागी बसवावं लागतं.