डिफॉल्ट मूल्य केव्हा तयार होते? पायथन आणि जावास्क्रिप्ट

फंक्शनच्या पॅरामीटरपुढे (फंक्शनला बाहेरून मिळणाऱ्या मूल्याच्या नावापुढे) बरोबरचे चिन्ह देऊन डिफॉल्ट मूल्य, म्हणजे कॉल करताना काही दिले नाही तर वापरायचे मूल्य, लिहिण्याची पद्धत पायथन आणि जावास्क्रिप्ट या दोन्ही भाषांत जवळजवळ सारखी दिसते, त्यामुळे एका भाषेतून दुसरीकडे वळणारे दोन्हींचे वागणेही सारखेच धरून चालतात. ते मूल्य नेमके केव्हा तयार होते, याबाबत मात्र या भाषांचे नियम वेगळे आहेत.

पायथनमध्ये फंक्शन तयार करणारे ‘डेफ’ हे स्वतःच चालवले जाणारे विधान असल्यामुळे डिफॉल्टची किंमत ते विधान चालते त्या वेळी एकदाच काढली जाते आणि तयार झालेली वस्तू फंक्शनला जोडून ठेवली जाते. समजा, एक फंक्शन दिलेले नाव यादीत घालून ती यादी परत करते आणि यादीचे डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट लिहिली आहे. यादी न देता पहिल्यांदा ‘आशा’ आणि नंतर ‘विनय’ असे कॉल केले, तर दुसऱ्या वेळी दोन्ही नावे मिळतात, कारण दोन्ही कॉलना तीच लिस्ट मिळालेली असते. ‘बदलता येणारी वस्तू डिफॉल्ट ठेवू नका’ हा नेहमीचा सल्ला योग्य असला, तरी माझ्या मते तो अपुरा आहे. डिफॉल्ट म्हणून सध्याची वेळ देणारा कॉल लिहिला, तर ती वेळ बदलता न येणारी वस्तू असूनही प्रत्येक नोंदीवर फंक्शन तयार झाल्याचीच वेळ पडते. तेव्हा खरे लक्ष ठेवायला हवे ते किंमत काढण्याच्या क्षणावर.

जावास्क्रिप्टमध्ये डिफॉल्टची ही सोय भाषेच्या २०१५ च्या मानकाने आली. तिथे आर्ग्युमेंट (कॉल करताना द्यायचे मूल्य) न देता केलेल्या प्रत्येक कॉलला डिफॉल्टची किंमत नव्याने काढली जाते, म्हणून वरच्या उदाहरणात दर वेळी नवी यादी मिळते. शिवाय आधीच्या पॅरामीटरवरून पुढच्याचे डिफॉल्ट काढता येते, जसे की वस्तूच्या दरावरून कर. पायथनमध्ये हे जमत नाही. मात्र जावास्क्रिप्टमध्ये ‘अनडिफाइन्ड’ (मूल्य ठरलेलेच नाही) दिल्यास डिफॉल्ट लागू होते आणि ‘नल’ (मुद्दाम रिकामे ठेवलेले मूल्य) दिल्यास ‘नल’च आत जाते, हा बारकावा जरूर लक्षात ठेवावा.

पायथनमध्ये दर कॉलला नवे मूल्य हवे असल्यास डिफॉल्ट म्हणून ‘नन’ (‘काही नाही’ असे दाखवणारे मूल्य) लिहून, फंक्शनच्या आत ते ‘नन’ आहे का हे तपासून लिस्ट किंवा वेळ तयार करतात. जिथे ‘नन’ हेच एक वैध आर्ग्युमेंट असते, तिथे केवळ या तपासणीसाठी वेगळी वस्तू तयार करून ‘इज’ने (दोन्ही एकच वस्तू आहेत का हे पाहणाऱ्या चिन्हाने) तुलना करावी लागते.