प्रवाळाच्या टँकमध्ये मासा सोडण्याआधी त्याचं तोंड बघा

बडोद्याला समुद्र नाही, पण प्रवाळांशी या शहराचा संबंध जुना आहे. काठियावाडच्या पश्चिम टोकाचा ओखामंडळ हा बडोदा संस्थानाचाच मुलूख. तिथल्या समुद्री जीवांची पाहणी गायकवाड सरकारने जेम्स हॉर्नेल या शास्त्रज्ञाकडून करवून घेतली आणि तिच्या अहवालाचा पहिला भाग १९०९ साली निघाला. आज कच्छच्या आखाताच्या त्याच दक्षिण किनाऱ्यावर सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. आता आपल्याकडच्या काही दिवाणखान्यांतही खाऱ्या पाण्याचे टँक दिसू लागले आहेत, आणि प्रवाळ लावून झाले की पहिला प्रश्न येतो तो यात मासे कुठले सोडायचे हा.

दुकानदार ‘रीफ-सेफ’, म्हणजे प्रवाळांना त्रास न देणारा, म्हणून सांगतात त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. मासा काचेजवळ आला की त्याचं तोंड बघा. तो काय खातो हे तिथे बरंचसं कळतं.

प्रवाळ हा प्राणी आहे. चुन्याच्या सांगाड्यावर पसरलेली मऊ पेशींची कातडी आणि त्यातून डोकावणारे पॉलिप (एकेक बारीक प्रवाळजीव), म्हणजे कित्येक माशांचं रोजचं जेवण. बटरफ्लाय माशाचं लांबट तोंड पुढे चिमट्यासारखं निमुळतं झालेलं असतं. तो प्रवाळावर येऊन थबकतो, अंग थोडं तिरकं करतो, नेम धरतो आणि एक पॉलिप तोडून पुढे जातो. हे इतकं झटकन होतं की मालकाच्या लक्षातही येत नाही. प्रवाळ दिवसभर मिटलेला का राहतो, एवढाच प्रश्न त्याला पडतो. बटरफ्लायच्या काही जाती तर प्रवाळाशिवाय दुसरं काही खातच नाहीत. त्यांना दुसरा कुठलाही खाऊ घातला तरी त्या उपाशी मरतात. अशा जाती विकायलाच ठेवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. कॉपरबँड बटरफ्लाय मात्र थोडा वेगळा. दगडांवर माजणारं एप्टेशिया, म्हणजे डंख करणारं छोटं समुद्रफूल, तो खातो म्हणून लोक आणतात. पण नळीत राहणारे शोभेचे किडेही तो टिपतो आणि कधी कधी मांसल प्रवाळांनाही चोच मारतो.

पॅरटफिशचे दात जुळून त्यांची चोच झालेली असते. तिने तो दगड खरवडतो, घशातल्या दातांनी दळतो आणि वाळू बाहेर टाकतो. समुद्रात हे काम मोलाचं आहे, घरच्या टँकमध्ये त्याला जागा नाही. ट्रिगर आणि पफर यांचे दात कवच फोडण्यासाठी असतात, म्हणजे तुमच्या कोळंब्या, गोगलगायी आणि खेकडे गेले म्हणून समजा. छोट्या एंजलचं काही सांगता येत नाही. एक वर्षभर सरळ वागतो, दुसरा आठवड्यात प्रवाळ कुरतडायला लागतो. महागाचे प्रवाळ लावले असतील तर हा जुगार खेळू नये.

मग घ्यायचे कुठले? ज्यांची तोंडं लहान असतात आणि जे पाण्यात तरंगणारे बारीक जीव टिपतात, ते. क्लाउन हा यातला सगळ्यात भरवशाचा. एकाच वेळी दोन लहान पिल्लं घ्या. त्यांतलं दांडगं मादी होतं, दुसरं नर राहतं, आणि पुढे मादी गेली तर नरच मादी होतो. समुद्रात क्लाउन समुद्रफुलात (अ‍ॅनिमोन) राहतो, पण त्याच्यासाठी ते आणलंच पाहिजे असं काही नाही. उलट समुद्रफूल टँकभर सरकतं आणि वाटेतल्या प्रवाळांना डंख करतं. ते नसेल तर क्लाउन एखाद्या लेदर किंवा हॅमर प्रवाळातच बिऱ्हाड करतात. फार लोळू लागले की तो प्रवाळ आखडून बसतो, एवढंच.

फायरफिश आणि रॉयल ग्रामा हेही गुणी. फायरफिश घाबरला की उडी मारतो, म्हणून वर जाळीचं झाकण हवंच. हिरवट निळ्या क्रोमिसचा थवा दिसायला सुरेख असतो, पण लहान टँकमध्ये ते एकमेकांना छळून एकेक कमी होत जातात.

माझी सगळ्यात आवडती जोडी म्हणजे वॉचमन गोबी आणि पिस्टल कोळंबी. कोळंबी दिवसभर वाळू उपसून बीळ नीट ठेवते. तिला फारसं दिसत नाही. म्हणून बाहेर आली की एक मिशी गोबीच्या अंगावर टेकवून ठेवते. गोबी दाराशी बसून पहारा देतो. सावली पडली की शेपटी थरथरवतो आणि ती त्याच क्षणी आत. जरा धीर धरून समोर बसलात तर हा इशारा डोळ्यांनी बघायला मिळतो.

टँग माशांची तोंडं शेवाळ खरवडायला बनलेली असतात, त्यामुळे प्रवाळांना ते सहसा त्रास देत नाहीत. अडचण जागेची. निळा टँग पूर्ण वाढला की फूटभर होतो. तीन फुटी टँकमध्ये त्याला ठेवणं हा छळ आहे. मँडरिनची गोष्ट याहून वाईट. तो प्रवाळाला बोटही लावत नाही, म्हणून बिनधास्त विकला जातो. पण दगडांवर रांगणारे कोपेपॉड नावाचे बारीक जीव तो दिवसभर टिपत असतो, आणि नव्या टँकमध्ये ते काही दिवसांत संपतात. मग तो हळूहळू खंगतो. जुना, मोठा, भरपूर दगड असलेला टँक नसेल तर त्याला घरी आणू नका.

माशांची संख्याही तितकीच महत्त्वाची. जास्त मासे म्हणजे जास्त खाऊ, जास्त विष्ठा, मग पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट वाढतं आणि शेवाळ प्रवाळांवर चढतं. त्यात आपल्या बडोद्याचा मे महिना. पाणी २५–२६ अंशांवर ठेवायला चिलर लागतो. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंश जरी काही आठवडे गरम राहिलं तरी प्रवाळ आपल्या पेशींतलं रंगीत सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. दुपारी वीज गेली तर आधी गुदमरतात ते गर्दीच्या टँकमधले मासे. म्हणून पुस्तकी हिशोबापेक्षा दोन मासे कमीच ठेवा, आणि बॅटरीवरचा एअर पंप तयार असू द्या.

मासा कुठून आला हेही विचारा. काही देशांत प्रवाळांच्या कपारींत सायनाइड फवारून मासे पकडले गेले. त्यात आजूबाजूचे प्रवाळही मरतात. क्लाउन मात्र आता पैदास केंद्रांतून मिळतात, आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही त्यांची पैदास साधली आहे. अशी पिल्लं काचेला आणि दाण्यांना सरावलेली असतात. पैसे देण्याआधी दुकानदाराला समोर खाऊ टाकायला सांगा. जो मासा खात नाही तो घेऊ नका. प्रवाळांचे कागदही मागा. चुन्याचा सांगाडा बांधणारे सगळे खडकाळ प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. ओख्याच्या किनाऱ्यावरून तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे.

आणि नवा मासा थेट मुख्य टँकमध्ये सोडू नका. पांढरे ठिपके आणणाऱ्या परजीवीवर तांब्याचं औषध चालतं, पण तेच तांबं प्रवाळ आणि कोळंब्या मारतं. एकदा रोग आत शिरला की औषध टाकता येत नाही. सगळे मासे बाहेर काढून टँक दीड ते अडीच महिने रिकामा ठेवावा लागतो. त्यापेक्षा एक साधा टँक, स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, एवढ्यावर चार ते सहा आठवडे काढा. त्या टँकमध्ये दगड आणि वाळू ठेवू नका, कारण ते तांबं शोषून घेतात. तिथली जाळी आणि बादलीही वेगळी ठेवा.